चवदार तळे: पाण्याची शुद्धी आणि पाण्याची सुरक्षितता

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. या खोऱ्यात पाऊस मुबलक पडत असला तरी उन्हाळ्यात डोंगरातले झरे आटतात, त्यामुळे पाणी साठवून ठेवण्याची रीत येथे फार जुनी आहे. महाडलगतच्या गांधारपाले लेण्यांत पोढ्या, म्हणजे खडकात कोरलेली पाण्याची टाकी, आजही दिसतात. या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध जलाशय म्हणजे चार ते पाच एकरांचे चवदार तळे होय. काही नैसर्गिक झरे आणि पावसाळ्यात भोवतालच्या जमिनीवरून वाहून येणारे पाणी यांवर ते भरत असे, आणि त्याच्या चहूबाजूंना रस्ते व घरे उभी राहिली होती.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले, हाच महाडचा सत्याग्रह; तेव्हा महाडला भरलेल्या परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले; त्यानंतर सनातनी मंडळींनी घागरींनी पाणी काढून त्यात पंचगव्य, म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र व शेण यांचे मिश्रण, घातले आणि मंत्रोच्चारांसह तळ्याची ‘शुद्धी’ केली.

पाण्याच्या इतिहासात ही घटना विशेष लक्ष देण्याजोगी आहे. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचा जंतू कलकत्त्याच्या एका तळ्यात सापडला, तो 1884 मध्ये. ज्या तळ्यात लोक अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत, ते तळे रोगाचे घर होते. पाण्यातून रोग पसरतो तो मलमूत्राच्या मिसळण्याने, हे ज्ञान महाडच्या सत्याग्रहापूर्वी चार दशके उपलब्ध होते. वस्तीतून वाहून येणाऱ्या पाण्याचा धोका तळ्याला वर्षानुवर्षे होता, त्यासाठी कोणी घागरी भरल्या नाहीत; माणसाच्या स्पर्शाची भीती मात्र इतकी तीव्र ठरली की तिच्या निवारणासाठी पिण्याच्या पाण्यात शेण मिसळण्यात आले. हा अन्याय माणसांवर होता, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही तो घातक होता.

ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरात काही सवर्णांनी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरल्यावर त्यांनी उच्च न्यायालयात अपील केले. तेथे 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी, अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले, याचे महत्त्व केवळ हक्कापुरते नव्हते: जे पाणी सर्वांचे आहे, त्याच्या गुणवत्तेबद्दल संस्थेला जाब विचारण्याचा अधिकारही सर्वांना मिळतो. खासगी पाणवठ्यावर अशी मागणी करता येत नाही.

पुढे धोक्याचे स्वरूप बदलले. महाडला औद्योगिक वसाहत उभी राहून रासायनिक कारखाने आले, आणि सावित्रीच्या प्रदूषणाच्या तक्रारी अनेक वर्षे होत राहिल्या. जलप्रदूषणाविरुद्ध राज्याने 1969 मध्ये आणि केंद्राने 1974 मध्ये कायदा केला. धोका पुराचाही असतो: जुलै 2021 च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले. अशा पुरात विहिरींत गाळ शिरतो, फुटलेल्या नळवाहिन्यांतून सांडपाणी आत येते, आणि अशा वेळी पाणी उकळून पिणे हा घरोघरी करता येण्याजोगा तातडीचा उपाय असतो. पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यांतील गावे झरे, विहिरी आणि नळयोजना यांवर अवलंबून असतात. राज्यात ग्रामपंचायतींना पाणवठ्यांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल कार्ड म्हणजे तीव्र जोखीम. पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन सोडणारी भुकटी, टाकतात आणि नळाच्या टोकाला प्रतिलिटर किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे का, हे तपासतात. मात्र ही कसोटी जंतूंपुरतीच उपयोगी आहे. कारखान्यातून मिसळलेली रसायने क्लोरीनने नाहीशी होत नाहीत आणि या तपासणीत दिसतही नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेत वेगळे पृथक्करण करावे लागते, आणि त्याचे अहवाल सावित्रीकाठच्या रहिवाशांसमोर नियमितपणे मांडले जाणे हा त्यांचा हक्क आहे.