वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर खाणे वाढवायचे कसे?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हणजेच बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी झाली की किती कमी खायचे, हे सगळेच सांगतात. पुढे खाणे हळूहळू वाढवायचेही असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वस्तीत काम करताना आम्हाला एक ताई भेटल्या. ऑपरेशनला पाच महिने झाले तरी त्या वरणाचे पाणी आणि चहात बुडवलेल्या दोन बिस्किटांवर दिवस काढत होत्या. केस मूठमूठ गळत होते, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. "कर्ज काढून ऑपरेशन केलंय, परत जाड झाले तर लोक हसतील," एवढेच त्यांचे म्हणणे. रुग्णालयाने दिलेला आहाराचा तक्ता इंग्रजीत होता. तो घडी घालून कपाटात पडला होता.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक, विशेषतः स्लीव्हनंतर, कमी होते. म्हणून भूक लागेल तेव्हा खाऊ, असे म्हणून चालत नाही. घड्याळ बघून खावे लागते.

आधी पातळ, मग घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण असा क्रम असतो. ढोबळमानाने सुरुवातीला दिवसाला ४०० ते ६०० कॅलरी पोटात जातात, सहा महिन्यांच्या सुमारास ८०० ते १,०००, आणि वर्ष-दीड वर्षाने बऱ्याच जणांचे प्रमाण १,२०० ते १,५०० वर येते. वय, उंची आणि अंगमेहनतीप्रमाणे आकडा बदलतो, तो आपल्या आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावा. त्याच्या फार खाली राहिल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

वाढवायचे म्हणजे वाटी मोठी करायची नाही, वाटीतले अन्न कसदार करायचे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणून पहिला घास प्रथिनांचा. एका अंड्यात ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुधात दोन चमचे दूध पावडर, मऊ खिचडीत अंडे, मोड आलेल्या मटकीचे घोटलेले कालवण, पनीर, मासळी हे सगळे चालते. महागडे डबे परवडत नसतील तर सुकट, जवळा आपल्या घरात असतोच. फक्त तो धुऊन, तिखट-मीठ बेताने घालून मऊ शिजवावा. पुढे चमचाभर तेल (सुमारे ४५ कॅलरी) किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट घालता येते. चहा-बिस्किट, सरबत, शेव यांनीही कॅलरी वाढतात, पण अंगाला काही लागत नाही. बायपास झालेल्यांना गोडाने घाम, धडधड आणि जुलाबही होतात. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने प्यावे.

खरी अडचण घरातली आहे. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईने दिवसातून सहा वेळा, तेही अंडे-दूध स्वतःसाठी बाजूला काढून खायचे, हे घराला पचत नाही. "सारखं तोंड चालू असतं," हे त्या ताईंनीही ऐकले. आम्ही त्यांच्या सासूबाईंना आणि नवऱ्याला समोर बसवून तक्ता मराठीत वाचून दाखवला. खाण्याच्या वेळा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिल्या. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचे अंडे सासूबाईच उकडू लागल्या.

बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. त्या बहुतेकांना कायम घ्याव्या लागतात, रक्त तपासण्याही ठरल्या वेळी कराव्यात. सतत उलट्या होत असतील, त्यात चालताना तोल जात असेल किंवा एकाऐवजी दोन दिसत असतील, तर थायमिनची कमतरता असू शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि ऑपरेशन कोणते झाले ते तिथे आधी सांगावे.