बेकिंग पावडरची जन्मकथा

पाव फुगतो तो पिठांत कोंडलेल्या वायूमुळें. हा वायु उत्पन्न करण्याचें काम हजारों वर्षें खमिराकडे होतें. परंतु खमीर आपल्या सवडीनें काम करी. केकसाठीं अंडीं तास तासभर फेसून त्यांत हवा भरावी लागे, आणि ते कष्ट गृहिणीच्या किंवा मोलकरणीच्या मनगटांनीं सोसावयाचे.

१७९६ सालीं अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें अमेलिया सिमन्स हिचें पाकपुस्तक छापलें गेलें. त्यांतील कांहीं कृतींत लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार पिठांत घालण्यास सांगितलें आहे. आंबट पदार्थाशीं गांठ पडतांच हा क्षार वायु सोडतो. आपल्याकडे ताकांत सोडा घालतांच घडतें तेंच हें. मात्र क्षार जास्त पडल्यास साबणासारखी चव येई.

इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड ह्याच्या पत्नीस खमीर व अंडीं दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठीं त्यानें १८३७ सालीं अंड्यांवांचून कस्टर्ड व १८४३ सालीं बेकिंग पावडर तयार केली. सोडा, आम्ल आणि दोघांना कोरडें राखणारें पिष्ट, एवढाच या पुडीचा संसार. पाणी मिळतांच वायु सुटूं लागतो व उष्णतेनें पीठ फुगतें. पुढें क्रिमियन युद्धांत (१८५३–५६) ब्रिटिश सैनिकांसहि ही पूड पुरविण्यांत आली.

आज न्याहारीचे पॅनकेक अर्ध्या तासांत ताटांत पडतात. या सुखसोईचा उगम, घरांतील एका माणसास इतरांबरोबर जेवतां यावें, एवढ्याच इच्छेंत आहे.