पानमळा आणि काचेची पेटी

कोल्हापूरची हवा वर्षांतून दोन अगदीं भिन्न रूपें धारण करते. आषाढांत सह्याद्रीवरून आलेले ढग शहरावर असे ओथंबून राहतात कीं, दांडीवरचे कपडे वाळतां वाळत नाहींत. आणि चैत्रांतल्या दुपारीं तीच हवा इतकी रुक्ष होते कीं, रांजणाला सुटलेला पाझर पाहतां पाहतां सुकून जातो. दिवाणखान्यांत हौसेनें ठेवलेल्या नेच्याची किंवा अँथूरियमची खरी परीक्षा या चैत्रांतच होते. कुंडींतील माती ओली असते, तरी पानांच्या कडा करपूं लागतात. झाड तहानेलें आहे असें समजून घरचीं माणसें आणखी पाणी घालतात, आणि मग मुळेंहि कुजतात. वास्तविक उणीव मातींतील पाण्याची नसते, हवेंतील ओलाव्याची असते. हा भेद ज्यांना प्रथम उमगला, त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्या इतिहासाचें पहिलें पान कोल्हापूरच्या शेजारींच उलगडतें. नागवेल ही मूळची आग्नेय आशियांतील दमट रानांतली. मिरीच्या कुळांतील ही नाजूक वेल प्राचीन काळींच भारतांत आली आणि पूजेच्या तबकांत व जेवणानंतरच्या विड्यांत मानाचें स्थान मिळवून बसली. ती मांडवावर चढवून द्राक्षवेलीप्रमाणें वाढवितात, असें चौदाव्या शतकांत भारतांत आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें लिहून ठेविलें आहे. परंतु समुद्रकांठच्या हवेंत ती वाढविणें वेगळें आणि देशावरच्या कोरड्या वाऱ्यांत वाढविणें वेगळें. मिरज तालुक्यांतील आरग, बेडग, नरवाड या गांवांचे पानमळे प्रसिद्ध आहेत. आणि हा मुलूख तर सह्याद्रीच्या पावसाला पारखा झालेला.

तेथील शेतकऱ्यानें या अडचणीवर जी तोड काढली, ती म्हणजे रानाची प्रतिकृतीच होय. प्रथम शेवरी, शेवगा, पांगारा अशीं झपाट्यानें वाढणारीं झाडें लावावयाचीं. तीं उंच झालीं म्हणजे त्यांच्या आधारानें वेल चढवावयाची. त्यांच्या विरळ पानांतून ऊन चाळून खालीं येतें. कडेच्या दाट कुंपणानें वारा अडतो. पाणी एकदम तुंबवून न देतां बेतानें, पण वारंवार दिलें जातें. बाहेरच्या उन्हांतून अशा मळ्यांत पाऊल टाकतांच ऋतु पालटल्याचा भास होतो. मात्र पाणी सांचून राहिलें कीं मुळें कुजतात आणि वेल मरते, हेंहि त्याला ठाऊक असतें. ओल हवेंत हवी, मुळांशीं चिखल नको, हें त्याच्या कसबाचें सार होय.

हेंच सार लंडनमधील एका डॉक्टराला १८२९ मध्यें निराळ्याच रीतीनें गवसलें. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांना नेच्यांचा फार नाद. परंतु दगडी कोळशाच्या धुरानें त्यांची बाग मरून गेली होती. एका पतंगाचा कोश त्यांनीं ओल्या मातींत पुरून बंद बाटलींत ठेविला होता. कांहीं दिवसांनीं त्या मातींतून नेच्याचा आणि गवताचा कोंब वर आला! दिवसां उडालेली वाफ कांचेवर थंड होई आणि थेंबांच्या रूपानें पुन्हां मातींत उतरे. हीं रोपें पाण्याचा थेंबहि न घालतां सुमारे चार वर्षें जगलीं. पुढें झांकण गंजलें, पावसाचें पाणी आंत शिरलें, आणि त्या अतिरेकानेंच तीं मेलीं.

वॉर्ड यांनीं मग लांकूड व कांच यांच्या बंद पेट्या बनविल्या. १८३३ मध्यें अशा दोन पेट्या जहाजानें सिडनीला पाठविल्या. आंतील रोपें सुखरूप पोंचलीं. तोंवर जहाजावरचीं रोपें बहुधा खाऱ्या वाऱ्यानें आणि गोड्या पाण्याच्या टंचाईनें मरून जात. आतां वनस्पतींनाहि समुद्र ओलांडतां येऊं लागला, आणि त्याबरोबर राष्ट्रांच्या संपत्तीचें पारडेंहि झुकलें. १८४८ ते १८५१ च्या दरम्यान रॉबर्ट फॉर्च्यून यानें ईस्ट इंडिया कंपनीसाठीं चीनमधून चहाचीं हजारों रोपें याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशीं आणविलीं. हिंवतापावरील क्विनाईन देणारा सिंकोनाहि दक्षिण अमेरिकेतून असाच निलगिरीवर आला. मात्र क्लेमंट्स मार्कहॅम यांनीं १८६० मध्यें आणलेलीं पहिलीं रोपें वाटेंतल्या उष्णतेपुढें टिकलीं नाहींत. बंद कांच ओलावा राखते, तशीच ती उष्णताहि कोंडते.

१८९४ ते १९२२ या काळांत कोल्हापूरच्या गादीवर असलेल्या राजर्षि शाहू महाराजांनीं पन्हाळ्याच्या परिसरांत चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. तेथें पेटीची गरज नव्हती. डोंगरावरचें धुकेंच तिचें काम करी.

या सर्व उपायांच्या मुळाशीं एकच नियम आहे. हवा जितकी उष्ण, तितकी तिची पाण्याची भूक मोठी. पहांटे २० अंश सेल्सिअसला ओलाव्यानें तुडुंब भरलेली हवा, नवा ओलावा न मिळतां, दुपारीं ३० अंशांवर गेली, कीं तिची आर्द्रता सुमारें ५५ टक्क्यांवर येते. उरलेली भूक ती पानांच्या रंध्रांतून भागविते. म्हणून पानांवर पाणी शिंपडल्यानें लाभ होतो तो घटकाभरच. कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्या, त्या पंख्याच्या झोतापासून व पश्चिमेच्या खिडकीपासून दूर असाव्या, अति नाजूक रोपाला कांचेचें घर द्यावें. पण त्यावर थेट ऊन येऊं देऊं नये आणि आषाढ लागतांच त्याचें झांकण उघडावें. वॉर्ड यांचें नांव त्यांच्या पेटीबरोबर जगभर गेलें. नागवेलीला देशावर घर देणाऱ्या पहिल्या शेतकऱ्याचें नांव मात्र कोठेंच नोंदलेलें नाहीं. त्याची विद्या विड्याच्या प्रत्येक हिरव्या पानांत आहे.