फ्यूज सारखा उडतोय? जाड तार टाकू नका. वायर, फ्यूज आणि एमसीबीची जोडी अशी जुळवा

फ्यूज उडाला की वायरच्या दोन-तीन तारा काढून किटकॅटमध्ये पिळायच्या आणि एमसीबी सारखा पडायला लागला की १६ चा काढून ३२ चा बसवायचा, हा प्रकार गावोगावी चालतो. लाईट लगेच येते, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण त्या दिवसापासून भिंतीतली वायर उघडी पडते. जास्त लोड आला तर आता फ्यूज नाही, वायरच तापणार.

फ्यूज कोणाला वाचवतो?

फ्यूज किंवा एमसीबी मुख्यतः वायरला वाचवतो. वायरमधून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेला की ती तापते, प्लास्टिक वितळतं, तारा एकमेकींना चिकटतात आणि आग लागते. म्हणून नियम एकच: उपकरणाचा करंट एमसीबीपेक्षा कमी आणि एमसीबीचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा कमी.

करंट काढायचा हिशोब सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागा. २००० वॅटचा गिझर म्हणजे जवळपास ९ अँपिअर, १००० वॅटची इस्त्री म्हणजे साडेचार. दोन्ही एकाच लाईनवर चालवले तर १३ च्या पुढे.

कोणत्या वायरला कोणता एमसीबी?

दुकानात दीड एमएम, अडीच एमएम म्हणतात ते वायरच्या तांब्याचं क्षेत्रफळ, म्हणजे चौरस मिलिमीटर. पाईपमधून टाकलेल्या तांब्याच्या वायरसाठी सुरक्षित बाजूचे आकडे असे:

• १ एमएम : क्षमता साधारण ११ अँपिअर, एमसीबी ६ (फक्त दिवे)
• १.५ एमएम : क्षमता १३, एमसीबी १० (दिवे, पंखे, टीव्ही)
• २.५ एमएम : क्षमता १८, एमसीबी १६ (फ्रिज, इस्त्री, गिझर, घरगुती चक्की)
• ४ एमएम : क्षमता २४, एमसीबी २० (एसी, मोठा गिझर)
• ६ एमएम : क्षमता ३१, एमसीबी २५ (मीटरपासून बोर्डापर्यंतची मेन लाईन)

जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर याच मापाला क्षमता कमी मिळते. तिथे एमसीबी एक पायरी खालचा धरावा. एका लाईनवर वेगवेगळ्या मापाच्या वायर असतील तर एमसीबी सगळ्यात बारीक वायरप्रमाणे बसवावा.

किटकॅट असेल तर

फ्यूज वायर दुकानात अँपिअर सांगूनच मागा. कल्हई केलेल्या तांब्याच्या फ्यूज वायरची जाडी ५ अँपिअरला ०.२ मिमी, १० ला ०.३५ मिमी आणि १५ ला ०.५ मिमी असते. ही तार आपल्या आकड्याच्या दुप्पट करंट गेल्यावरच लवकर वितळते, म्हणून दीड एमएमच्या लाईनला ५ ची आणि अडीचच्या लाईनला १० ची तार पुरे.

वायरमधली एक बारीक तार साधारण ०.३ मिमीची असते. अशा तीन पिळल्या तर ३० अँपिअर ओलांडल्याशिवाय त्या वितळत नाहीत. दीड एमएमची वायर मात्र १३ अँपिअरची. फ्यूज नेहमी फेजमध्ये लावावा, न्यूट्रलमध्ये नाही. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण बोर्डात करंट तसाच राहतो.

कडबाकुट्टी आणि मोटार

मोटार सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढते. म्हणून मोटारीला 'सी' टाईप एमसीबी घ्यावा. 'बी' टाईप सुरू होतानाच पडतो आणि मग माणूस मोठा आकडा बसवतो. २ एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी चालताना १० ते १२ अँपिअर घेते. तिला अडीच एमएमची वेगळी लाईन आणि १६ चा एमसीबी द्या. बारीक एक्स्टेंशन वायरवर ती चालवू नका. गुंडाळी केलेली वायर तर आणखी तापते.

थ्री फेज मोटारीला एचपीमागे दीड अँपिअर धरा. म्हणजे ५ एचपीला साधारण ८ अँपिअर. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरप्रमाणे लावलेला पाहिजे. एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांवर करंट वाढतो आणि मोटार जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच.

विहीर लांब असेल तर वायर क्षमतेत बसली तरी पुरत नाही. ५ एचपीला ३०० मीटर अंतरावर अडीच एमएमची तांब्याची केबल टाकली तर २५ ते ३० व्होल्ट वाटेतच पडतात. ६ एमएमला हेच १० ते १२ व्होल्ट होतात. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट घेते आणि तापते.

शॉकसाठी एमसीबी पुरत नाही

माणसाचा जीव घ्यायला अगदी थोडा करंट पुरतो, तेवढ्याने एमसीबी पडत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग लागतं. आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. लगेच पडली नाही तर ती बदलावी.

एमसीबी पडला तर आधी हे करा

१. त्या लाईनवरचे सगळे प्लग काढा आणि एमसीबी पुन्हा उचला.
२. लगेच पडला तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. परत परत उचलू नका, वायरमनला बोलवा.
३. उभा राहिला तर एकेक उपकरण लावा. ज्याला पडतो ते खराब आहे.
४. सगळं लावल्यावर थोड्या वेळाने पडत असेल तर लोड जास्त आहे. वेगळी लाईन टाका.
५. वायर जाड केल्याशिवाय एमसीबीचा आकडा वाढवू नका.

डीपीवरचा फ्यूज मात्र स्वतः टाकायला जाऊ नये. एक फेज बंद दिसला तरी बाकीच्यांत करंट असतो, आणि मागच्या बाजूने उलटा करंटही येऊ शकतो. महावितरणच्या लाईनमनला कळवा किंवा १९१२ वर तक्रार नोंदवा. एक पाणी उशिरा दिलं तर पीक थांबतं, गेलेला माणूस परत येत नाही.