खाणमालक भाऊसाहेब आणि १९६७ चे दोन कौल

दयानंद बांदोडकर म्हटलं की खाणमालक, दानशूर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, असं आपण भराभर सांगून टाकतो. सगळं खरं आहे. मला मात्र आज मुख्यतः एकाच वर्षाबद्दल बोलायचं आहे, १९६७.

त्याआधीचं थोडक्यात. जन्म १९११ चा, पेडण्याचा. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात गोव्याचं लोहखनिज जपानला जाऊ लागलं; त्या धंद्यात जे वर आले, त्यांत भाऊसाहेब होते. मुक्तीनंतरची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ ची. मगो पक्षाची मुख्य मागणी महाराष्ट्रात विलीन होण्याची. गंमत बघा, भाऊसाहेब स्वतः उभेच नव्हते! मुख्यमंत्री झाले, मग पोटनिवडणुकीत मडकईतून निवडून आले.

आता १९६७. १६ जानेवारीला जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ज्या मागणीवर पक्ष उभा राहिला, तीच हरली. पक्ष तिथेच संपायला हवा होता, नाही का? पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि पुन्हा मगोच, पुन्हा भाऊसाहेबच.

हे कसं झालं? केवळ धर्माच्या हिशेबाने ते सुटत नाही. मगोच्या मतदारांपैकीही काहींनी दोन पानांवर शिक्का मारला असणार, त्याशिवाय ही बेरीज जुळत नाही. माझ्या मते कारण भाऊसाहेबांच्याच कामात आहे. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ च्या कूळकायद्याने भाटकाराच्या मर्जीवर जगणाऱ्या कुळाला संरक्षण मिळालं. आणि हे सगळं पणजीत बसलेलं, आपल्या ओळखीचं सरकार करत होतं. मुंबईच्या राज्यात गोवा म्हणजे एखादा जिल्हा. मग दाद मागायला कुठे जायचं? शिवाय महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला ती परवडणारी नव्हती, हेही विसरू नका.

थोडक्यात, भाऊसाहेबांनी लोकांना गमावण्यासारखं काहीतरी दिलं, आणि लोकांनी ते राखलं, भाऊसाहेबांसकट.

पुढे १२ ऑगस्ट १९७३ ला ते गेले, तेव्हा वेगळ्याच राहिलेल्या त्या गोव्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर त्या पदावर आल्या त्यांच्या कन्या, शशिकलाताई काकोडकर.