धाब्यावरची तार : खान्देशात रेडिओचा सांधा कसा टिकला

रेडिओचा इतिहास सांगताना आपण 23 जुलै 1927 या तारखेपासून सुरुवात करतो. त्या दिवशी मुंबई केंद्र सुरू झालं. पण मुंबईहून भुसावळ रेल्वेने साधारण 440 किलोमीटर, वरणगाव त्याच्याही पुढे. इतक्या लांबचा आवाज पकडायला घराबाहेर उंच तार लागायची. म्हणून आपल्याकडचा रेडिओचा इतिहास धाब्यावरच्या दोन बांबूंपासून सुरू होतो, असं आम्ही म्हणतो.

बांबूंच्या मध्ये तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनीमातीचे गट्टू, आणि मधून एक तार खाली खिडकीत. तार सहसा तुटत नसे, बिघडायचा तो सांधा. थंड देशांत बर्फाच्या ओझ्याने तारा तुटतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण दिवसरात्रीचा फरक मोठा. हिवाळ्यात दुपारी तापलेला सांधा फुगतो, रात्री आकसतो, आणि फटीत पहाटेचं दव शिरतं. तांब्यावर हिरवं जंगाल चढतं. तांब्याला ॲल्युमिनियम जोडलं असेल, तर ओल लागताच ॲल्युमिनियम झपाट्याने खातं.

गंमत अशी, की हिवाळा हाच ऐकण्याचा खरा मोसम. पावसाळी विजांची खरखर तेव्हा नसते, दूरची स्टेशनं स्वच्छ येतात. मग जी खरखर उरते, ती बहुधा आपल्याच सांध्याची! डिसेंबर 1971 आठवा. लढाई चालू, आणि आपलं गाव दारूगोळा कारखान्याचं. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. अशा दिवसांत बातमी अर्ध्यावर खरखरली, तर कसं चालेल?

उपाय साधे होते. तार घासून चकचकीत करायची, घट्ट पीळ द्यायचा, वर डाख द्यायचा. मग चिकटपट्टी खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत न जाता ओघळतं. खिडकीपाशी तारेला खाली झोल द्यायचा. थेंब तिथेच गळतो, घरात येत नाही. अर्थिंगचं उलटं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईला सोडते. म्हणून तिथे मुद्दाम तांब्याभर पाणी ओतायचं. वर कोरडं, खाली ओलं, एवढा नियम.

पोस्टात लायसनचे पैसे भरल्याची नोंद सरकारदरबारी राहिली. धाब्यावर चढून सांधा बांधणाऱ्याची नोंद कुणी ठेवली? ट्रान्झिस्टर आला, आत फेराइटची कांडी आली, बांबू उतरले, आणि ही माहितीही उतरली. पण आज घराघरावर डिशची छत्री आहे. पाऊस झाला, की चित्र अडकतं. पुष्कळदा ढगच आड येतात. पण आभाळ उघडल्यावरही चित्र आलं नाही, तर आधी केबलचा सांधा उघडून बघा. आत हिरवं दिसलं, तर ओळख जुनीच आहे.

ज्यांच्या घरी असे गट्टू अजून पडून असतील, त्यांनी ते भंगारात देऊ नयेत, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.