दिनविशेष : १८ फेब्रुवारी
१९७३ : फ्रान्सचे बचावात्मक मिडफिल्डर क्लॉड मॅकेलेले यांचा किन्शासा येथे जन्म. बालपणीच कुटुंबासह फ्रान्समध्ये स्थायिक. नाँतकडून १९९५मध्ये फ्रेंच लीग जिंकली. स्पेनमधील सेल्टा व्हिगोकडून २००० साली रेआल माद्रिदमध्ये दाखल. तेथे दोन वेळा ला लीगा आणि २००२ची चॅम्पियन्स लीग. २००३मध्ये इंग्लंडच्या चेल्सीत. २००४-०५च्या मोसमात ३८ सामन्यांत अवघे १५ गोल स्वीकारून चेल्सी विजेता ठरला, त्यात त्यांचा मोलाचा वाटा. बचावफळीपुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याचा पास आधीच हेरायचा, चेंडू हिसकावायचा आणि लगेच जवळच्या सहकाऱ्याकडे सोपवायचा, ही त्यांची हातोटी. गोल क्वचितच केले. तरीही मैदानावरची ही जागा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. संघ उभा राहतो तो अशाच खेळाडूंच्या जिवावर.